रूथचा फाद्दर

नॉर्वे नावाचा देश जगात आहे हे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही सुक्या बोंबलांच्या वासामुळे. पिंपरीत औषधांचा कारखाना तेव्हा नुकताच उभा राहत होता. आमचे हे तिथे प्रयोगशाळेत लागले आणि मी साताऱ्याहून थेट कंपनीच्या क्वार्टर्समध्ये संसार मांडला. चहूकडे ज्वारीची शेतं, एका अंगाला मुंबईचा रस्ता, पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वसाहत आणि मध्ये आमची नव्या चुन्याची बैठी घरं. तो चुन्याचा वास मला फार आवडायचा. एके दिवशी दुपारी तो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी बोंबील आले. आमच्या घरी चातुर्मासात कांदा शिवत नसत. मी पदर नाकाला लावून बाहेर आले, तर शेजारच्या बंगल्याच्या ओट्यावर सहा फुटांहून उंच, भुऱ्या केसांचा एक गोरा माणूस चटईवर बोंबलांना ऊन दाखवत होता. मला बघून त्याने टोपी काढली.

"रामराम वहिनी," तो म्हणाला. "लई ग्वाड वास हाय, न्हाई?"

हे हाल्वरसाहेब, नॉर्वेचे. कारखान्यातल्या मोठमोठ्या टाक्या आणि त्यांना जोडलेले वाफेचे पाइप बसवायला परदेशातून जी माणसं आली होती, त्यातले एक. बाकीचे साहेब पुण्याला क्लबात जायचे. हे मात्र दिवसभर कामगारांत असायचे आणि त्यांचं इंग्रजी आमच्या यांच्यापेक्षाही अडखळतं होतं. मराठी त्यांना शिकवलं शांतवननं. शांतवन त्यांचा हाताखालचा फिटर, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला ख्रिस्ती मुलगा, बडबड्या. त्यामुळे साहेबांच्या तोंडी शांतवनची भाषा जशीच्या तशी बसली होती. पुण्याचे कोणी पाहुणे आमच्याकडे आले की मी मुद्दाम हाल्वरसाहेबांना चहाला बोलवायची. "च्या झ्याक झालाय," असं ते म्हणाले की पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. वैशाखातसुद्धा पायात लोकरीचे मोजे. पाइपवर बोटाच्या पेरानं टकटक करून आत वाफ कशी चालली आहे ते ऐकायचे, आणि तीच सवय इतकी अंगात मुरली होती की आमच्या दारावर, टेबलावर, एकदा तर यांच्या नव्या रेडिओवरही टकटक केली. गरम पोळीला लोणी फासून, वर साखर भुरभुरवून तिची गुंडाळी मी एकदा त्यांना दिली, तर हा एवढा दांडगा माणूस खाता खाता गुंडाळीकडेच बघत राहिला. त्यांच्या गावाकडेही पातळ पोळी करतात म्हणे, आणि लोणी-साखर घालून अशीच गुंडाळतात. "आमची म्हातारी करायची," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी दर रविवारी एक गुंडाळी बाजूला ठेवू लागले. यांना त्याचा थोडा हेवा वाटे.

पण माणूस आपल्याच रीतीनं चालणारा. आपली रीत म्हणजे साऱ्या जगाची रीत, असं त्यांना मनापासून वाटायचं. आमच्या रांगेतल्या देशपांड्यांच्या नातवाचं बारसं होतं. बायका पाळण्याखालून, पाळण्यावरून बाळ देत-घेत होत्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललं होतं, आणि साहेब मागे भिंतीला टेकून कौतुकानं बघत होते. सगळ्या बायकांच्या हातांतून बाळ फिरून झाल्यावर त्यांनी मोठ्यानं विचारलं, "यातली कोन?"

"कोण म्हणजे?" मी म्हणाले.

"आईबाप मेल्यावर पोर कोन घेनार?"

बारशाच्या घरात असली भाषा! देशपांड्यांची आई घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती, ते तिच्या हातून पडायचंच बाकी राहिलं. कुणीतरी घाईघाईनं बाळाची दृष्ट काढली. मी साहेबांना अक्षरशः बाहीला धरून बाहेर काढलं. त्यांना आपलं काय चुकलं तेच कळेना. "मग इतक्या बाया कशापायी घेत व्हत्या त्याला?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

त्याचा उलगडा मला शांतवनच्या मुलीच्या वेळी झाला. शांतवन आणि त्याची बायको मार्था आमच्या मागच्या चाळीत राहायची. त्यांना मुलगी झाली. खडकीच्या देवळात तिचा बाप्तिस्मा करायचा ठरला आणि पाळकसाहेबांनी विचारलं की धर्मबाप कोण. शांतवनच्या मनात एकच नाव. आपला साहेब धर्मबाप झाला तर भावकीत केवढा मान! त्याने विचारलं आणि साहेबांनी होय म्हणायच्या ऐवजी चार दिवस मागून घेतले. शांतवनचं तोंड उतरलं. मला साहेबांचा रागच आला. त्या रविवारी पोळीची गुंडाळी पुढे ठेवत मी म्हणाले, "काय हो, देवळात जाऊन पोरीला घटकाभर धरायचं, त्यात एवढा विचार कसला? आमच्याकडे मुलगी देतानासुद्धा चार दिवस कुणी लावत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या मराठीत ते सांगायला त्यांना दुपार गेली.

त्यांच्या भाषेत अशा माणसाला 'फाद्दर' म्हणतात. बापाला ते 'फार' म्हणतात, पण खूप जुन्या काळी 'फादर' म्हणत, आणि त्या बापाच्याच शब्दातून हा दुसरा शब्द काढलेला. म्हणजे बाप नव्हे, पण बापाच्याच मातीचा. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या वेळी जो मूल धरून उभा राहतो तो फाद्दर. त्यांच्याकडे फाद्दर 'होत' नाहीत, फाद्दर 'उभे राहतात'. पूर्वी तर मुलाचे आईबाप आणि फाद्दर यांची देवानं जुळवलेली सोयरीक मानत आणि त्यांच्या घरांत आपसांत लग्नं होऊ देत नसत. पुढे हा शब्द पसरला. एखाद्या नव्या कामाच्या पाठीशी जो पहिल्यांदा उभा राहतो त्यालाही फाद्दर म्हणू लागले. मोठी लढाई संपल्यावर पोरक्या झालेल्या मुलांचा भार ज्यांनी लांबून उचलला त्यांनाही तेच नाव मिळालं. काही ठिकाणी नुसताच मान उरला, बाप्तिस्म्याला चांदीचा चमचा द्यायचा आणि जेवून घरी जायचं.

"आमच्या गावात तसं न्हाई," ते म्हणाले. "आमचं गाव दर्याचं."

दर्याचं गाव म्हणजे काय ते त्यांनी मग सांगितलं. ते सहा-सात वर्षांचे असताना त्यांचे वडील होडीसकट बुडाले. आई आधीच गेलेली. घरात बायका जमल्या होत्या, रडत होत्या, कुणाला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात निल्स नावाचा एक लंगडा म्हातारा आत आला. जाळी विणणारा, बिनलग्नाचा, चिडका. तो कुणाशी बोलला नाही. त्याने कोपऱ्यातले या पोराचे बूट उचलले, अंथरूण गुंडाळून काखेत मारलं आणि दाराकडे चालू लागला. साहेब त्याच्या मागोमाग गेले. बायकांनी रडणं थांबवून वाट दिली. बस्स. तो त्यांचा फाद्दर होता. त्याच्याकडेच ते वाढले. पोळीवर लोणी-साखर घालणारी म्हातारी म्हणजे त्या निल्सची बहीण.

"म्हनून इचार करतोय," साहेब म्हणाले. "म्या हो म्हनलो, की झालं. मग न्हाई म्हनता येत न्हाई."

चार दिवसांनी त्यांनी शांतवनला होकार दिला. खडकीच्या देवळात मे महिन्याच्या उकाड्यात हा माणूस लोकरीचा काळा कोट घालून उभा राहिला. घामानं निथळत होता. पाळकांनी वचनं विचारली तेव्हा बाकीच्यांनी पुटपुटल्यासारखी उत्तरं दिली, आणि साहेबांचा "व्हय" देवळाच्या दारापर्यंत ऐकू गेला. मी आणि हे मागच्या बाकावर बसलो होतो. मला हसू आलं होतं, ते मी पदरानं दाबलं.

मुलीचं नाव रूथ. त्यानंतर हाल्वरसाहेब दर संध्याकाळी शांतवनच्या खोलीत. रूथ चुलीजवळ रांगते म्हणून मार्थाला बोलणं, मडक्यातलं पाणी उकळलेलं नाही म्हणून शांतवनला बोलणं. त्यांनी फळ्या तासून तिला उंच कठड्याची बाज करून दिली, तीत ती कधी झोपली नाही, मार्था तीत कांदे ठेवायची. "साहेबांना कळू देऊ नका हं वहिनी," ती मला म्हणायची. रूथ चालायला लागली तेव्हा त्यांनी पुण्याहून तिच्यासाठी लाल बूट आणले. ती जोगवा मागायला आल्यासारखी दोन्ही हात पसरून आमच्या ओट्यावर चढायची आणि साहेबांच्या पायाला मिठी मारायची. तिला ते कधी नावानं हाक मारत नसत. "आलं का माझं," एवढंच म्हणत. त्या दोन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख मी पाहिलं ते आठवलं की आजही मला पुढचं सांगू नये असं वाटतं.

शांतवन मुंबईच्या रस्त्यावर अपघातात गेला. सायकलवरून चिंचवडहून येत होता, मागून लॉरी आली. दुपारची वेळ. त्याला आणलं तेव्हा हाल्वरसाहेब टाकीच्या आत उतरलेले होते. त्यांना वर बोलावून सांगावं लागलं.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मार्थाच्या खोलीत गावाकडचे लोक जमले होते. बायका मार्थाला धरून बसल्या होत्या. तिचा थोरला भाऊ याकोब, रुंद हाडाचा, मानी शेतकरी, पाळकसाहेबांशी बोलत होता. रूथ कोपऱ्यात एका म्हातारीच्या मांडीवर होती. मी मार्थासाठी पेज घेऊन गेले होते. इतक्यात हाल्वरसाहेब दारातून वाकून आत आले. अंगावर तोच काळा कोट. ते कुणाशी काही बोलले नाहीत. मार्थाकडेसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी कोपऱ्यातले लाल बूट उचलले. दोरीवरचे रूथचे दोन झबली-परकर काढले, तिची गोधडी गुंडाळून काखेत मारली, आणि ते दाराकडे वळले.

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. ते काय करताहेत हे तिथे एकटी मी जाणत होते. निल्सनं त्यांच्यासाठी जे केलं तेच ते करत होते. पण तिथे बसलेल्यांना दिसलं ते एवढंच की विधवेच्या घरात, दुसऱ्या दिवशी, एक गोरा साहेब न विचारता शिरला आणि पोरीचं सामान उचलून निघाला.

याकोब उठला. "साहेब, ते खाली ठेवा."

"म्या फाद्दर हाय," साहेब म्हणाले. "म्या तिला घेतो. आन् मार्थानं बी यावं. माझ्या बंगल्याच्या मागं खोली हाय."

तिथे घात झाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. याकोबचा चेहरा काळा पडला.

"माझी बहीन तुमच्या मागल्या खोलीत?" तो म्हणाला. "मामा हाय पोरीचा. मामा मेला न्हाई अजून."

मी मध्ये पडले. म्हणाले, "याकोबभाऊ, त्यांच्या मनात काही वाईट नाही. त्यांच्या गावची रीतच आहे तशी. देवळात वचन दिलं म्हणून..."

"वहिनी, धर्मबाप नावाला असतो," याकोब म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "आमी साहेबाला मान दिला. मान दिला म्हंजे पोरगी दिली का?"

मग साहेबांनी पहिल्यांदा मार्थाकडे पाहिलं. "मार्था, तू बोल."

सगळी खोली मार्थाकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही खात्रीनं सांगता येणार नाही. पिंपरीत राहिली असती तर ती आणि रूथ एका जागी राहिली असती, गावी दुसरं लग्न लावून दिलं की पोर तुटणार, हे तिलाही दिसत असणार. पण भावकीच्या पुढ्यात, मागल्या खोलीच्या त्या एका वाक्यानंतर, ती कोणत्या तोंडानं हो म्हणणार होती? तिने मान खाली घातली. याकोबनं पुढे होऊन साहेबांच्या काखेतली गोधडी काढून घेतली. बूट त्यांनी आपणहून दिले. रूथ दोन्ही हात पसरून "आलं, आलं" म्हणत होती, आणि म्हातारीनं तिला घट्ट धरलं होतं.

त्या आठवड्यात ती मंडळी गावी गेली. इकडे कॉलनीत तोंडांना ऊत आला. साहेबाचं आणि त्या बाईचं आधीपासूनच होतं इथपर्यंत मजल गेली. ज्या बायका बारशाला त्यांना हसल्या होत्या त्यांनी आता त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमचे हे त्यांना म्हणाले, "आधी पाळकांना मध्ये घालायचं होतं, चार मोठ्या माणसांना घेऊन जायचं होतं. इथे असं एकदम सामान उचलून चालत नाही हो." साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तवर पोर कुठं असतं?" 

पुढच्या वर्षी याकोबनं मार्थाचं दुसरं लग्न लावून दिलं आणि रूथला नगरकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. नव्या नवऱ्याला पहिल्याची पोर नको होती. हे कळल्यावर हाल्वरसाहेब सुट्टी काढून तिकडे गेले. परत आल्यावर आमच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, हसत हसत. ते हसणं मला ऐकवेना.

"दारावर बाईनं इचारलं, तुमी कोन? म्या म्हनलं, फाद्दर. ती म्हनली, फादर आत आफिसात हायत. मंग म्या म्हनलं, न्हाई, धर्मबाप. तवा म्हनली, फकस्त नात्यातल्यांना भेटू देतो." त्यांनी ओट्यावर टकटक केली. "पटांगनात पोरी खेळत व्हत्या. लांबून दिसंना कोनती आपली ते."

त्यांनी खटपट केली. पाळकांना भेटले, कारखान्यातल्या वरच्या साहेबांना भेटले, याकोबच्या गावी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी याकोबनं चहा दिला, दुसऱ्या वेळी दार उघडलं नाही. वरच्या साहेबांनी बजावलं की परदेशी माणसानं असल्या भानगडीत पडू नये. कारखान्यातून एव्हाना औषध बाहेर पडू लागलं होतं. पाहुणे यायचे, आणि कितीतरी मुलं या औषधानं वाचतील अशी भाषणं व्हायची. हाल्वरसाहेब मागे उभे राहून पाइपवर टकटक करत.

हिवाळ्यात एका सकाळी मार्था माझ्या दारात आली. मी तिला ओळखलंच नाही, इतकी सुकली होती. साहेबांच्या बंगल्यावर एकटीनं जायची तिची छाती नव्हती, म्हणून आधी माझ्याकडे. मी साहेबांना हाक मारली. ते आले, ओट्याच्या खालीच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"साहेब, रूथ गेली," मार्था म्हणाली.

बोर्डिंगात गोवर आला होता. गोवर अंगातच राहिला, मग छाती भरली. बऱ्याच पोरी बऱ्या झाल्या. रूथला एका बाजूच्या खोलीत ठेवलं होतं.

साहेबांनी औषधाचं विचारलं नाही. डॉक्टर होता का, हेही विचारलं नाही. म्हणाले, "कोन व्हतं तिच्याजवळ?"

"मला उशिरा कळवलं साहेब. म्या गेले तवर..."

"न्हाई. कोन व्हतं?"

मार्था माझ्याकडे बघू लागली. मी काय सांगणार? साहेब तिसऱ्यांदा तेच विचारणार असं दिसलं तेव्हा ती म्हणाली, "कुनी न्हाई."

 साहेबांनी टोपी घातली आणि ते कामावर गेले. मार्था माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, नवऱ्याला कळायच्या आत परतायला हवं म्हणून तोंड धुऊन निघून गेली. ती मला पुन्हा कधी भेटली नाही.

त्या दिवसापासून हाल्वरसाहेबांनी मराठी सोडलं. कामगारांशी खुणांनी बोलत, आमच्या यांच्याशी इंग्रजीत. रविवारची पोळीची गुंडाळी मी ताटलीत झाकून त्यांच्या ओट्यावर ठेवायची, ती संध्याकाळी तशीच असायची. मला त्यांची चीड येऊ लागली होती, खरं सांगते. मीही रूथसाठी रडले होते. पण त्यांनी स्वतःला जी शिक्षा लावून घेतली होती तिच्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

त्यांचं काम संपलं. जायच्या दिवशी फाटकापाशी जीप उभी होती आणि कामगार रांगेनं नमस्कार करत होते. माझा मोठा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा. मी त्याला कडेवर घेऊन गेले. इतक्या महिन्यांत साहेबांनी त्याला एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जाताना तरी एक कोवळा जीव त्यांच्या हातात द्यावा, तेवढंच बरं वाटेल त्यांना. मी मुलाला दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाले, "घ्या ना."

हाल्वरसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"न्हाई वहिनी," ते म्हणाले. एका वर्षानं तोंडातून मराठी निघालं ते असं. "म्या न्हाई."

मुलाला काय कळतंय! तो त्यांच्या कोटाचं बटण धरायला पुढे पुढे झेपावत होता, आणि तो एवढा थोरला माणूस हात पाठीशी घट्ट धरून एकेक पाऊल मागे सरत होता, पाठ जीपला लागेपर्यंत.